भिंतीचा तडा आणि मातीतले पाणी



घर बांधायचे ठरले की आपण सिमेंट कोणते घ्यावे, सळई किती जाडीची असावी, स्लॅब किती इंचांचा घालावा, याची चौकशी चार ठिकाणी करतो. ज्या मातीवर हे सारे उभे राहावयाचे तिची चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो. मीही कधी केली नव्हती. ती बुद्धी मला अमेरिकेत, भाच्याच्या घरी, एका न लागणाऱ्या दारापुढे उभे असताना सुचली.

२०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात मी भाच्याकडे मॉरिसव्हिलला गेलो होतो. उत्तर कॅरोलिना राज्यात रॅली आणि डरहॅम या दोन शहरांच्या मध्ये, विमानतळाला लागून हे गाव आहे. १८५२ साली जेरेमाया मॉरिस नावाच्या गृहस्थाने रेल्वेला जमीन दिली, त्याच्या नावावरून गावाला नाव पडले. जवळच १९५९ साली सुरू झालेले मोठे संशोधन-केंद्र आहे. त्याच्या आधाराने जगभरची माणसे येथे नोकरीला येतात. २०२० च्या जनगणनेत गावची वस्ती सुमारे तीस हजार भरली आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक आशियाई वंशाचे निघाले. गावात हिंदू सोसायटीचे मंदिर आहे, क्रिकेटचे चांगले मैदान आहे. संध्याकाळी फिरायला निघालो की कानावर तेलुगू, हिंदी, गुजराती आणि मधूनच मराठीही पडते. आपल्या बेटावरून गेलेल्या माणसाला तेथे परके वाटत नाही.

भाच्याने चार वर्षांपूर्वी विटांचे एक जुने घर घेतले होते. कर्ज मोठे, दोघेही नोकरी करणारी, पदरात दोन मुले. मी पोहोचलो त्या दिवशी मागचे दार काही केल्या लागेना. भाचेसून म्हणाली, "मामा, खांदा लावून ढकलावे लागते. पावसाळी दिवसांत नीट लागते, कोरड्या दिवसांत असे होते." दाराशेजारच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तडा विटांच्या सांध्यासांध्यांतून जिन्याच्या पायऱ्यांसारखा खाली उतरला होता. त्यात माझ्या करंगळीचे नख सहज जात होते.

भाच्याचा चेहरा उतरलेला होता. एका कंत्राटदाराने पाहणी करून सांगितले होते की घर खचते आहे, पायाखाली पोलादी खांब घालावे लागतील. त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून माझाही घास घशाशी अडकला. मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले सारे त्यात गेले असते.

घराबाहेर पाहणारे काका

शेजारच्या गल्लीत मूळ पनवेलचे एक वृद्ध गृहस्थ मुलाकडे राहतात. त्यांची सारी नोकरी बांधकामात गेली. तरुणपणी नवी मुंबईत खाडीकाठच्या भरावाच्या कामावर ते इंजिनिअर होते. तेथली मराठी मुले त्यांना काका म्हणतात, मीही काकाच म्हणू लागलो. भाच्याने त्यांना बोलावून आणले. आम्हांला वाटले, ते तडा पाहतील. त्यांनी तडा एक मिनिट पाहिला आणि ते घराबाहेर गेले.

प्रथम त्यांनी छपराच्या पन्हळीची नळी कोठे उतरते ते पाहिले. ती एका कोपऱ्यात भिंतीलगतच संपत होती. साऱ्या छपराचे पाणी त्याच जागी पडून मुरत होते. मग ते दुसऱ्या कोपऱ्याकडे, म्हणजे तड्याच्या बाजूला गेले. तेथे वीस-एक फुटांवर ओकचे मोठे झाड होते. त्याच्या आसपासची जमीन कोरडी पडून तिला हाताचे बोट जाईल अशा भेगा पडल्या होत्या. शेवटी त्यांनी मूठभर माती उचलून पाण्याने भिजवली आणि दोन तळव्यांत वळली. तिची लांब, बारीक वळी न तुटता झाली.

"आपल्या गणपतीची मूर्ती कशी वाळवतात?" त्यांनी मला विचारले.

"सावलीत, हळूहळू," मी म्हणालो. "उन्हात ठेवली तर तडकते. एका अंगाने वाळली तरी तडकते."

"मग झाले," काका म्हणाले. "तुमच्या भाच्याचे घर अशाच मातीवर आहे. एका कोपऱ्याला रोज पाणी मिळते, तिथली माती फुगते. दुसऱ्या कोपऱ्याचे पाणी झाड पिते, तिथली माती आक्रसते. घर बिचारे दोघांच्या मध्ये उभे."

चिकणमातीचा स्वभाव

त्या संध्याकाळी चहा घेताना काकांनी जे समजावून सांगितले, ते मी वहीत टिपून ठेवले. पुढे जमेल तसे वाचलेही. ते आपणांसमोर ठेवतो.

वाळूचा कण डोळ्यांना दिसतो. चिकणमातीचा कण इतका बारीक की साध्या दुर्बिणीलाही तो दाद देत नाही. शिवाय तो गोल नसतो, अभ्रकाच्या पापुद्र्यासारखा चपटा असतो. या पापुद्र्यांना पाण्याची विलक्षण ओढ असते. वाळूत पाणी आले तसे निघून जाते. चिकणमातीत ते शिरायलाही वेळ घेते आणि शिरल्यावर सहज निघत नाही. काही जातींच्या चिकणमातीत तर पाणी पापुद्र्यांच्या आत शिरते आणि माती फुगते. पाणी गेले की ती आक्रसते.

मॉरिसव्हिलची माती या फुगणाऱ्या जातीची आहे. वीस कोटी वर्षांहूनही आधी, खंडे एकमेकांपासून फाटू लागली तेव्हा तेथे एक लांबट दरी तयार झाली. नद्यांनी आणि तळ्यांनी ती गाळाने भरली. त्या गाळाचे खडक झाले आणि ते खडक कुजून वर लालसर-तपकिरी चिकणमाती आली. तेथील मृदा-नकाशांत या मातींना 'व्हाइट स्टोअर', 'क्रीडमूर' अशी नावे आहेत. पाणी अत्यंत सावकाश मुरू देणाऱ्या आणि फुगण्या-आक्रसण्याचा दोष असलेल्या माती म्हणून त्या ओळखल्या जातात. त्या भागातले जुने गवंडी आणि सांडपाण्याचे खड्डे खणणारे लोक या मातीला चांगले ओळखून आहेत.

आपल्या पूर्वजांच्या देशालाही हा अनुभव नवा नाही. कोकणाचा घाट चढून वर गेले की दख्खनच्या पठारावर काळी माती लागते. कापसाला ती लक्ष्मी आणि घराला वैरीण! उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की गुराचा पाय अडकावा. पहिल्या पावसात त्याच भेगा मिटतात आणि जमीन वर येते. त्या वर-खाली होण्यात भिंती तडकतात, कालव्यांचे अस्तर उखडते.

यावर भारतातच दोन नामी उपाय निघाले. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर अनेक वर्षे प्रयोग केले आणि १९७८ साली भारतीय भूतंत्र संस्थेपुढील वार्षिक व्याख्यानात ते मांडले. त्यांनी दाखविले की काळ्या मातीवर सुमारे एक मीटर जाडीचा न फुगणाऱ्या पण चिकट मुरमाचा थर नीट दाबून बसविला तर खालची माती वरच्या बांधकामाला त्रास देत नाही. कालव्यांच्या कामात ही रीत भारतीय मानकातही आली. दुसरा उपाय रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेचा. जमिनीत खोल भोक पाडायचे, तळाशी ते कांद्यासारखे फुगवायचे आणि सळई घालून काँक्रीटने भरायचे. वरची माती ऋतूंप्रमाणे हलते, पण हा कांदा जेथे ओल वर्षभर सारखी असते त्या खोलीवर घट्ट बसलेला राहतो. म्हणून घर हलत नाही.

तिसरा उपाय आपल्या आजोबांच्या ओळखीचा, म्हणजे चुना. आपल्या बेटावर पूर्वी पोवळे भाजून चुना करीत, त्या भट्ट्यांचे अवशेष आजही दिसतात. चिकणमातीत वजनाच्या तीन ते आठ टक्के चुना नीट कालवला की काही तासांतच तिचा चिकटपणा जातो आणि ती भुसभुशीत होते. दाबून ठेवली तर महिनोन्‌महिने तिची ताकद वाढत राहते. चुन्यातील कॅल्शियम मातीच्या पापुद्र्यांना चिकटून त्यांची पाण्याची ओढ कमी करते, हे त्याचे कारण. उत्तर कॅरोलिनाच्या रस्ते खात्याच्या नियमावलीतही चुन्याने माती सुधारण्याचे स्वतंत्र प्रकरण आहे.

चक्का बांधावा तशी जमीन

"पण ही झाली फुगणारी माती," काका म्हणाले. "ती निदान कोरडी असताना कठीण तरी असते. मी ज्या मातीत तरुणपण घालविले, ती कधी कठीण झालेलीच नव्हती."

त्यांची माती म्हणजे ठाण्याच्या खाडीचा आणि पनवेलच्या खाडीचा गाळ. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि मुंबईसमोर नवे शहर वसवण्याचे काम सुरू झाले. पुढे १९८९ साली न्हावा-शेवाचे बंदर चालू झाले. या साऱ्या पट्ट्यात भरतीच्या पाण्याखालची काळी-निळी मऊ चिकणमाती आहे. काही ठिकाणी तिचा थर दहा मीटरहूनही खोल जातो. तिच्यात पाणी किती? तर कित्येक जागी कोरड्या मातीच्या वजनाइतकेच पाणी! वर वाळून धरलेली साय असते, तिच्यावरून माणूस चालत जातो. बैलगाडी नेली तर चाक रुतते. इमारत ठेवली तर?

काकांनी येथे एक दाखला दिला, तो आपल्या भगिनींना लगेच पटेल. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगतात. पाणी थेंब थेंब गळते आणि दह्याचा चक्का होतो. दही तेच, पाणी तेवढे गेले. पण आता ते पसरत नाही, आकार धरून राहते. घाई असेल तर वर वजन ठेवतात. पण एकदम पाटा-वरवंटा ठेवला तर काय होईल? दही फडक्यातून पिचकून बाहेर येईल.

मऊ चिकणमातीचे सारे शास्त्र या फडक्यात आहे. तिच्यावर वजन आले की प्रथम ते वजन मातीचे कण पेलत नाहीत, त्यांच्यामध्ये कोंडलेले पाणी पेलते. पाणी हळूहळू वाट काढून निघून जाते, तसतसे वजन कणांवर येते, कण जवळ येतात, माती दबते आणि घट्ट होते. वजन फार लवकर टाकले तर पाण्याला निघायला सवड मिळत नाही आणि माती कडेने पिचकते. भराव एका रात्रीत फाटून सरकतो.

हा हिशेब गणितात बसविला तो कार्ल टर्झागी या ऑस्ट्रियन इंजिनिअरने. इस्तंबूलमध्ये शिकवीत असताना त्याने हे प्रयोग केले आणि १९२५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पाण्याला बाहेर पडायला जेवढे अंतर जावे लागते ते दुप्पट झाले तर वेळ दुप्पट लागत नाही, चौपट लागतो. अंतर दहापट, तर वेळ शंभरपट. म्हणूनच दहा मीटर जाडीचा चिखल आपल्याआप घट्ट व्हायचा तर माणसाची उमेदीची वर्षे निघून जातात.

यातूनच उपायही निघाला. चिखलाची जाडी आपण कमी करू शकत नाही, पण पाण्याची वाट जवळ आणू शकतो. पूर्वी त्यासाठी चिखलात भोके पाडून वाळू भरीत. १९३० नंतरच्या दशकात स्वीडनमध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या निघाल्या. आज प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापरतात. पट्टी सुमारे दहा सेंटीमीटर रुंद, म्हणजे पंजाएवढी, आणि काही मिलिमीटर जाड. तिच्या गाभ्यात बारीक पन्हळी असतात आणि भोवती गाळणीचे कापड. यंत्र पोकळ पोलादी नळीतून ती चिखलात तळापर्यंत खुपसते आणि नळी वर काढते, पट्टी आत राहते. मीटर-दीड मीटरच्या अंतराने अशा हजारो पट्ट्या रांगेने रोवतात. वर त्यांची टोके दिसतात ती भाताच्या लावणीसारखी. आधी जमिनीवर वाळूचा थर घातलेला असतो, वर आलेले पाणी त्यातून बाजूला निघून जाते.

मग वर वजन ठेवायचे. तेही मातीचेच. तीन मीटर उंचीचा भराव म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर पाच-सहा टन वजन. तोही एकदम टाकायचा नाही. एक थर घालायचा, थांबायचे, मोजायचे, मग दुसरा थर. चिखलावर ठेवलेल्या लोखंडी पाट्यांना उभे दांडे जोडलेले असतात, त्या दांड्यांची उंची पुन्हापुन्हा मोजून जमीन किती खाली गेली ते पाहतात. पाण्याचा दाब सांगणारी उपकरणेही आत पुरलेली असतात. खाली जाणे जवळजवळ थांबले की जादा भराव काढून घेतात आणि मग खरे बांधकाम सुरू होते. ज्याला एरवी वर्षानुवर्षे लागली असती ते काम काही महिन्यांत उरकते. न्हावा-शेवा परिसरातील भरावांवर ही रीत वापरली गेली आहे.

जेथे तेवढेही थांबायला वेळ नाही, तेथे खडीचे खांब करतात. जमिनीत थरथरणारे यंत्र घालून भोक पाडायचे आणि खडी ओतून ठासायची. मऊ मातीत दोन-तीन फूट व्यासाचे हे खांब काही भार स्वतः पेलतात आणि पाण्याला वाटही देतात. यासाठी भारतीय मानक २००३ साली निघाले. स्वीडन आणि जपानमध्ये १९७० च्या सुमारास आणखी एक रीत रूढ होऊ लागली. त्यात चिखल बाहेर न काढता जागच्याजागी खोलवर त्यात चुना किंवा सिमेंट घुसळतात. आणि चिखलाचा थर दोन-चार फुटांचाच असेल तर सर्वांत सोपे म्हणजे तो खणून काढून टाकावा आणि वीतभर थरांनी मुरूम घालून, पाणी मारून, रोलर फिरवून दाबत यावे.

काका त्या दिवशी सांगत होते की पनवेलजवळ नवे विमानतळ होत आहे, सुमारे ११६० हेक्टर जागेवर. त्यासाठी उलवे टेकडी फोडली, उलवे नदीचा प्रवाह वळविला, दलदल भरून जमीन उंच केली. दहा गावांतील लोकांनी आपली घरे सोडून दुसरीकडे वस्ती केली. त्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमाने उडू लागली. तेथे उतरणाऱ्या आपल्यापैकी कुणाच्या मनात येईल की जेथे चाके टेकली तेथे एके काळी होडी रुतत असे?

घाई केल्याने काय होते, न केल्याने काय होते

एवढे करूनही मातीचा हिशेब पुरा चुकता होतोच असे नाही. जपानमध्ये ओसाका शहराजवळ समुद्रात बेट तयार करून १९९४ साली कान्साई विमानतळ सुरू झाले. समुद्राच्या तळाशी वरची सुमारे वीस मीटर मऊ चिकणमाती वाळूचे असंख्य खांब घालून घट्ट करण्यात आली. तो भाग ठरल्याप्रमाणे दबला. पण त्याखाली आणखी खोल जुन्या चिकणमातीचे थर होते, तेथवर हात पोहोचला नाही. ते थर आजही हळूहळू दबत आहेत. बेट मुळापासून आजवर दहा मीटरहून जास्त खाली गेले आहे. मात्र बांधणारांना हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी इमारतीचे खांब जॅक लावून उचलता येतील असे केले. जमीन खचणार हे मान्य करून तिच्याशी जुळवून घेतले. यात शहाणपण आहे.

काकांना मी विचारले, "मग या साऱ्यात मुख्य गोष्ट कोणती?"

ते म्हणाले, "लोक मला विचारतात, माती चांगली आहे का. मी विचारतो, पाणी कुठून येते आणि कुठे जाते. फुगणाऱ्या मातीत पाणी वर्षभर सारखे ठेवायचे. मऊ गाळातले पाणी आधी काढायचे, मग वजन टाकायचे. चुना घातला तरी तो मातीची तहान मोडायलाच. तुम्ही नावे कितीही घ्या, सारे उपाय पाण्याचे."

मला भिंतीच्या विटा आठवल्या. मॉरिसव्हिलच्या आसपास याच जातीच्या मातीच्या आणि तिच्याखालच्या मऊ दगडाच्या विटा भाजतात. भाच्याच्या घराची भिंत आणि तिच्याखालची जमीन मुळात बहिणी-बहिणी. एकीचे पाणी भट्टीने कायमचे काढून टाकले, म्हणून ती निश्चल उभी. दुसरी अजून दर ऋतूला पाणी पिते आणि सोडते. म्हणून तडा पडला.

भाच्याने काय केले

काकांनी भाच्याला चार गोष्टी सांगितल्या. पन्हळीची नळी लांबवून पाणी भिंतीपासून दूर न्यावे. घराभोवती जमिनीला बाहेरच्या बाजूने उतार द्यावा. अमेरिकेतील घरबांधणीच्या आदर्श नियमांत भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार सांगितलेला आहे. घराखाली रांगत जाण्याइतकी जी पोकळी असते तिथे पाणी साचत नाही ना, ते पाहावे. आणि तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीची खूण करून तारीख लिहावी, रुंदीही लिहून ठेवावी. दर महिन्याला मोजावे.

"आणि कंत्राटदाराला काय सांगू?" भाच्याने विचारले.

"त्याला थांब म्हण. आधी ज्याला खांब विकायचे नाहीत अशा, परवाना असलेल्या माती-इंजिनिअरकडून तपासणी करून घे. त्याला पैसे पडतील, पण ते कमी पडतील. तो म्हणाला खांब हवेत, तर मग घाल. मी म्हातारा आहे, माझ्या तोंडी सांगण्यावर घर ठेवू नकोस."

भाच्याने तसे केले. तपासणी करणाऱ्यानेही प्रथम पाण्याची व्यवस्था लावायला आणि वर्षभर मोजायला सांगितले. हिवाळ्याच्या ओलीत तडा मिटत गेला. २०२५ च्या शरद ऋतूत तो पुन्हा उघडला, पण पहिल्यापेक्षा निम्माच. दार आता खांदा न लावता लागते. तडा पूर्ण गेला असे मी म्हणणार नाही. कदाचित तो कधी जाणारही नाही. पण मुलांच्या शिक्षणाचे पैसे जागेवर आहेत.

सर्वांच्याच बाबतीत असे होईल असे मात्र कुणी समजू नये. काही घरांना खरोखरच खांब लागतात. त्यांनी तपासणीनंतर उशीर केला तर नुकसान वाढते. सांगायचे ते एवढेच की, औषध घेण्याआधी रोग ओळखावा.

आपल्या बेटावरची माती

आता कुणी म्हणेल, अमेरिकेची आणि मुंबईची माती आम्हांला कशाला सांगता? आपले बेट तर ज्वालामुखीच्या दगडाचे. खरे आहे. पण दख्खनची काळी मातीही ज्वालामुखीच्या त्याच जातीच्या काळ्या दगडापासून झाली आहे. आपल्या बेटाच्या १९६५ च्या मृदा-नकाशात 'डार्क मॅग्नेशियम क्ले' म्हणून एक गट दाखविला आहे. कमी पावसाच्या सखल भागातली ही काळपट चिकणमाती फुगणारी-आक्रसणारीच आहे. आपल्या आजे-पणजांनी कोकण सोडले, पण दख्खनच्या काळ्या मातीची बहीण येथे आधीच येऊन बसलेली होती! पोर्ट लुईजवळच्या चित्रकूट वस्तीत घरे तडकली, उतार सरकू लागला. जपानच्या मदतीने २०१२ ते २०१५ या काळात तेथील अभ्यास झाला, आणि तेथेही जमिनीतल्या पाण्याला वाट काढून देण्याचाच विचार मुख्य होता. किनाऱ्याजवळ, ओढ्याकाठी, पूर्वी पाणथळ असलेल्या जागी आता घरे उठत आहेत. उसाचे शेत वाटण्या होऊन भावाभावांत फुटते आणि जो सखल तुकडा आजोबांनी कधी बांधकामाला घेतला नसता, तो कुणाच्या तरी वाट्याला येतो.

माझ्या ताईचेच पाहा. ती वाक्वाला राहते. धाकट्या मुलासाठी पश्चिमेकडच्या एका तुकड्यावर घर बांधायचे ठरले होते. नकाशा तयार, गवंडी ठरलेला, मुहूर्तही काढलेला. मी परत आल्यावर म्हणालो, "ताई, मुहूर्त थोडा पुढे ढकल. आधी एक खड्डा खणू."

ती हसली. "दादा, तू अमेरिकेला जाऊन खड्डा खणायला शिकून आलास होय!"

पण खणू दिला. माणूसभर खोल. वरचा हातभर भाग लालसर, दगडगोट्यांचा, चांगला घट्ट. त्याखाली काळी, चिवट माती लागली. मी मूठभर उचलली, भिजवली आणि काकांप्रमाणे तळव्यांत वळली. लांब, बारीक वळी झाली. तुटली नाही.

ताईने ती वळी माझ्या हातातून घेतली आणि बराच वेळ पाहत राहिली. मग गवंड्याला म्हणाली, "पाया खणायला पुढच्या आठवड्यात येऊ नका. आधी इंजिनिअरला बोलावते."

खड्डा झाकून ठेवलेला नाही. भोवती काटक्यांचे कुंपण घातले आहे, मुले पडू नयेत म्हणून. या पावसाळ्यात त्यात पाणी किती चढते आणि किती दिवस राहते, ते ताई भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवते आहे. ज्यांना घर बांधायचे आहे त्यांनी आपापल्या जागेवर एवढे तरी करावे, ही नम्र विनंती. कुदळ सर्वांच्या घरी आहे, आणि कॅलेंडरही.